शेरीचं डोकं फोडू नका

सलमाआपा गेल्याचा हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी शारजातल्या माझ्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. आधी त्याला वाटेला लावलं, मग शटर ओढलं. माझा स्वभावच तसा...

आपा माझी थोरली चुलत बहीण. लग्न केलं नाही, अल रीमवरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. पॅसिफिकमधल्या बेटांवर पहिली माणसं पोचली तेव्हा ती काय खात होती आणि पुढे त्यांचं खाणं कसं बदललं, हे खोदकामात निघालेल्या माशांच्या हाडांवरून ती ओळखायची. शेजारी ठेवून ताडून बघायला ताजी हाडं लागत. तिथल्या माशांचे भाऊबंद आपल्या आखातातही आहेत, म्हणून डिस्कव्हरी गार्डन्सला आमच्याकडे जेवायला आली की सगळ्यांच्या ताटांतले काटे डब्यात भरून न्यायची. “शेरी माशाचं डोकं फोडू नका रे, जबडा हवाय मला.” माझी मुलगी नाक मुरडायची, “फुफू, दॅट्स सो ग्रॉस.” आपा हसायची. “त्या लोकांनीही आधी मोठे मासे संपवले, मग लहानांवर आले. तुमच्या टेबलावर वेगळं काय चाललंय?” मी म्हणायचो, बाकीच्यांच्या घरून पाहुणे मिठाई नेतात, आमच्याकडून काटे.

ती गेल्यावर फ्लॅट महिनाअखेर रिकामा करायचा होता. बाल्कनीत खोक्यांची उतरंड होती, वास मारत होता. मी एकही उघडून पाहिलं नाही. हमालांना म्हणालो, “यल्ला, ये सब कचरा है, नीचे डालो.”

मागच्या आठवड्यात पॅसिफिकमधल्या त्या बेटांपैकी एकावरून तिच्या सहकारी बाईंचा फोन आला. आपाचं अर्धवट राहिलेलं काम त्या पुरं करताहेत, फक्त ती खोकी हवीत. मी सांगितलं, टाकली. त्या हळूच म्हणाल्या, “निदान वरचे जबडे...?” त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा जमवून पाठवतो, असं बोलून बसलो.

शुक्रवारी शेरी आणली, डोकं न फोडता उकळली. हाडं सुटी करून कागदावर पसरली. बायकोने विचारलं, “यातला वरचा जबडा कुठला?”

आपाने तो माझ्याच टेबलावर हातात धरून कितीदा तरी दाखवला होता. मी जेवत होतो.