दंडापासून घोट्यापर्यंत

उल्हासनगरच्या तपासणी केंद्रात मला पलंगावर उताणं झोपवून दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले, तेव्हा मी बायकोकडे बघून हसलो. घाबरलेला माणूस हसतो तसा. माझे वडील याच वयात गेले. कुळगावच्या घरी, हातात चहाचा कप असताना. रक्तवाहिन्या कडक झाल्या होत्या म्हणे. तेव्हापासून पोटात गॅस फिरला तरी मी विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते आठवू लागतो.

"अंकल, हिलना नहीं. बात भी नहीं," पट्टे बांधणारी मुलगी म्हणाली.

"गप्प राहणं काही जमायचं नाही हो त्यांना," बायको.

पट्टे फुगले, सैल झाले. नाडीचा ठोका दंडाशी कधी पोचतो आणि घोट्याशी त्यानंतर किती वेळाने, हे यंत्र मोजत होतं.

"आपका तो फटाफट पहुँचता है!" मुलगी म्हणाली.

दुसरा कुणी खूश झाला असता. पण मी आनंदनगरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं पाइपलाइनी सांभाळतोय. रबरी नळीत दाबाचा धक्का रेंगाळत जातो, लोखंडी पाइपात सणकन. म्हणजे माझ्या आत लोखंड झालं होतं.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला, मग मला उभं-आडवं पाहिलं.

"उंची पाच फूट सात? मोजली कुणी?"

ती उंची माझ्या लग्नाच्या बायोडाटातली. मामांनी तेव्हा तीन इंच वाढवून दिले होते, आणि मी ते सत्तावीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर इमानाने भरत आलो होतो.

"यंत्र उंचीवरून ठोक्याची वाट किती लांब ते ठरवतं," बाई म्हणाल्या. "वाट उगाच लांब धरली, तर वेगही जास्त निघणार ना?"

भिंतीला पाठ लावून उभं केलं. पाच फूट चार.

"मला माहीत होतं," बायको म्हणाली. "बघायला आलात आणि दाराशी बूट काढलेत, तेव्हाच."

मला हसू येईना. वेगाचा नवा आकडा आला. जरासा उतरलेला.

"तरीही जास्तच आहे," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. पण गोळी आजपासून, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी."

जिना उतरताना बायकोने माझं मनगट धरलं. "सावकाश हं," एवढंच म्हणाली. एखादा टोमणा मारला असता, तर जरा धीर आला असता.