रद्दीत गेलेले खंड

वडलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी दुसरीत होते. भांडुपच्या टेकडीवर आमची एक खोली, माणसं पाच. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल म्हणत वडील बराच काळ गिरणीच्या गेटवर जाऊन बसायचे. मग मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन झाले. आई खानावळीच्या भाकऱ्या थापायची. धाकट्या बहिणीला गावी काकांकडे पाठवलं, खाणारं एक तोंड कमी म्हणून. ती तिकडेच राहिली, सातवीत शाळा सुटली. मला ठेवून घेतलं, कारण मी वर्गात पहिली यायचे. हे मला कुणी कधी बोलून दाखवलं नाही. तिनेही नाही.

गिरणीकडून, कोर्टातून इंग्रजी कागद आला की सगळी खोली माझ्याकडे बघायची. मला निम्मं कळायचं नाही. पण कळलं नाही असं म्हणायची सोय नव्हती, मग माझ्या शाळेचा उपयोग काय? "काही नाही, नेहमीचंच आहे," असं मी ठोकून द्यायचे. वडील मान डोलवून कागद ट्रंकेत ठेवायचे.

पुढे मी पदवी घेतली, ग्रंथालयशास्त्राचीही घेतली. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. अंधेरीच्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात सहायक म्हणून लागले. तेव्हा तिथे कार्डांची लाकडी कपाटं होती. रसायनशास्त्राची नियतकालिकं टपालाने यायची, प्रत्येक अंकाची नोंद हाताने व्हायची आणि वर्षाचे अंक बाइंडिंगला जाऊन जाड खंड होऊन परत यायचे. कुठला खंड कुठे, ते आमच्या शिपाईकाकांना तोंडपाठ. काका मालवणकडचे. इंग्रजी येत नव्हतं, पण खंडाच्या पाठीच्या रंगावरून वर्ष सांगायचे.

मी मुख्य ग्रंथपाल झाले तोवर कार्डं गेली होती. दिवस पुस्तकांत कमी आणि पासवर्ड, करार, कंपन्यांचे प्रतिनिधी यांच्यात जास्त जायचा. मग संस्थेला आमच्या मागच्या हॉलमध्ये मीटिंग रूम हव्या झाल्या. समितीत साहेबांनी विचारलं, "हे जुने खंड ऑनलाइन आहेत ना?" मी म्हटलं, "आहेत, सर." खोटं नव्हतं. पडद्यावर पहिल्या अंकापासून सगळं उघडत होतं.

त्याच आठवड्यात या ऑनलाइन अंकांच्या कराराचं नूतनीकरण होतं. मागच्या अंकांबद्दल एक लांबलचक कलम होतं. दोनदा वाचलं, नीट कळलं नाही. कंपनीचा प्रतिनिधी समोर बसलेला, फाडफाड इंग्रजी बोलणारा. "एनी डाउट, मॅम?"

"नो डाउट. नेहमीचंच आहे," मी म्हटलं आणि सही केली. खंड बाद करायच्या यादीवरही केली.

काका फळ्या रिकाम्या करत होते. मधेच थांबून कॉम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाले, "बाय, ह्या सगळा त्या डब्यात असा म्हणतस. पण डबो कोणाचो?"

"काका, तुम्ही कामाचं बघा ना."

"बघतंय. माका काय, मी उद्या रिटायर." ते हसले. मला राग आला होता.

रद्दीवाल्याने खंडांचे पुठ्ठे आमच्यासमोरच फाडून वेगळे केले. पुठ्ठा वेगळा जातो, कागद वेगळा. काका टेम्पो भरेपर्यंत थांबले नाहीत.

दोन वर्षांनी संस्थेने खर्च कमी करायचा म्हणून तो करार पुढे चालू ठेवला नाही. पुढच्याच महिन्यात घाटकोपरहून येणारी एक पीएचडीची विद्यार्थिनी टेबलाशी आली. तिचं शेवटचं वर्ष होतं, एक प्रकरण सगळं त्यातल्या एका नियतकालिकाच्या जुन्या अंकांतल्या तक्त्यांवर उभं होतं.

"मॅडम, लॉक दाखवतंय."

"नवीन अंक बंद झालेत गं. जुने उघडतील."

"जुनेच बघतेय मी. सगळ्यांनाच लॉक."

मी करार काढला आणि या वेळी डिक्शनरी घेऊन बसले. वर्गणी चालू असेल तोवरच मागचे अंक बघता येतील, असं त्या कलमात होतं. आम्ही इतकी वर्षं पैसे भरले, पण मालकीचं काहीच नव्हतं. काकांना फोन करावासा वाटला, केला नाही.

ओळखीच्या ग्रंथालयांना विचारलं. "वाट लागली गं, आमचेपण खंड रद्दीत गेले," एक मैत्रीण म्हणाली. "ऑनलाइन आहे आमच्याकडे, पण बाहेर पाठवायची परवानगी नाही." विद्यार्थिनी रोज येऊन विचारायची. मग एक दिवस म्हणाली, "गाइड म्हणाले, ते प्रकरण गाळून टाक. मुदत संपतेय." तिने गाळलं. प्रबंध पातळ झाला, हे तिनेच सांगितलं. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मी समितीत गेले आणि सांगितलं, कलम मला कळलं नव्हतं, मी विचारलं नाही, चूक माझी. साहेब म्हणाले, "मॅडम, एवढं शिकलात, विचारायला काय झालं?" याचं उत्तर त्या खोलीत देण्यासारखं नव्हतं. लेखी ताकीद मिळाली.

त्यानंतर दर शनिवारी मी त्या नियतकालिकाचे खंड शोधत फिरले. मुलुंडला एका निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यावर काही मिळाले, बंद होत चाललेल्या एका कॉलेजात काही. वाळवी झटकून, पिशव्यांत भरून रिक्षाने आणले.

त्या नियतकालिकाच्या एकतीस वर्षांच्या खंडांपैकी बावीस वर्षांचे खंड आज फळीवर आहेत. नऊ वर्षांचे मिळाले नाहीत. आता मी करारातलं प्रत्येक कलम समोरच्याकडून मराठीत समजून घेते, आणि पैसे भरलेले अंक कायम आमचे राहतील असं लिहून दिल्याशिवाय सही करत नाही.