सुभेदारांची खुर्ची

विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या नियामक मंडळावर साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आहेत. शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी बैठकीत त्यांच्या शेजारी बसतो. ते बशीत चहा ओततात, तो पार गार होऊ देतात आणि कुणी लांबण लावली की हळूच म्हणतात, "व्हय, पण पुढं?" या माणसाच्या मनात काय चालतं, याचं मला नेहमी कुतूहल वाटायचं.

यंदा आमच्या रजिस्ट्रारनं एका अभ्यासक्रमाच्या मान्यतेची मुदत वाढवून घेतलीच नाही. मुलांचं वर्ष बुडालं. बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "रजिस्ट्रारला काढलंय. विषय संपला."

सुभेदार उठले. "त्याला कामातलं काय कळत न्हाई, हे मुलाखतीतच दिसलं हुतं. तुमचा पाव्हणा म्हणून आमी सगळ्यांनी हात वर केला. मीबी केला."

"सुभेदार, बसा."

ते बसले नाहीत. दार उघडून बाहेर गेले. मीही मागोमाग गेलो. व्हरांड्यात पालक ताटकळत होते.

"चूक आमची हाय," सुभेदार त्यांना म्हणाले. "त्याला आमीच नेमला."

एक बाई पुढं आली. "आवं, मग माझ्या पोरीच्या वर्साचं काय?"

सुभेदार म्हणाले, "मला ठावं न्हाई, ताई. पण ज्यांनी सांगायचं, ते आत बसल्यात. चला."

त्यांनी बाईंना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण भिंतीशी उभे राहिले. बाईंनी तोच प्रश्न अध्यक्षांना विचारला. या वेळी विषय संपला, असं कुणाला म्हणता आलं नाही.