जेवणाऱ्यांपुढं गाणारी

मनमाडला जाणारी गाडी फलाटाला लागली, तेव्हा आबानं माझी पत्र्याची पेटी डोक्यावरून उतरवून बाकाखाली सरकवली. ती हलते का ते पायानं चाचपलं. मग एक शब्द न बोलता खाली उतरला अन् नळापाशी पाठ करून उभा राहिला. दोन वर्षं झाली होती, माझा बाप माझ्याशी बोलत नव्हता. माय मात्र खिडकीतून दोघांच्या वाटचं बोलत होती. "पोचल्याबरोबर कार्ड टाक. तिकडं नुसता भात खाऊन सुजू नको. अन् लई बडबड करू नको गं, घसा जातो." मनमाडहून मी कलकत्त्याची गाडी धरणार होते, तिथल्या एका हॉटेलात जाझ गायला. वय बावीस. गाडी हलली तरी आबानं मान वळवली नाय. दौलताबाद येईपर्यंत मी रडले. मग भूक लागली. भाकरी अन् ठेचा खाल्ला अन् खोटं कशाला बोलू, मनातून लई खूश झाले.

मुकुंदवाडीच्या बायांनो, तुम्हीबी माझ्यासारख्या कुठं कुठं गेलात. कुणी पुण्याला, कुणी सुरतेला, एक तर पार मस्कतला. ज्या मागं राहिल्या त्या अजून विचारतात, "सखे, तू धनगराची पोर, तुला हे इंग्रजी गाणं कुठं घावलं?" तर ऐका.

आमचं मूळ करमाडच्या बाजूचं. आबा मेंढपाळ, अन् ओवी म्हणणारा. बिरोबापुढं ढोल सुरू झाले की आबा ओळ फेकायचा अन् बाकीचे झील धरायचे, म्हणजे ती ओळ उचलून त्याला परत द्यायचे. गाणाऱ्याला एकटं सोडायचं नाय, ही आमची रीत. सोडलं तर तो त्याचा अपमान. पोरींनी गायचं नसतं, पण आबा मला मांडीशी बसवायचा अन् मीबी झील धरायचे. मेंढरांना हाळी घालायलाबी त्यानंच शिकवलं. पोटातून काढायची, लांब सोडायची अन् शेवटाला वर उचलायची.

मग कारखाने आले. चरायचा माळ तारेच्या कुंपणात गेला, आबानं मेंढरं विकली अन् आम्ही मुकुंदवाडीत एका खोलीत आलो. आबा खाकी घालून चिकलठाण्याच्या एका कंपनीच्या गेटावर बसला. त्याला लिहिता येत नव्हतं. म्हणून आलेल्या-गेलेल्या गाड्यांचे नंबर तो पाठ करायचा अन् संध्याकाळी साहेबाला ओवीसारखे म्हणून दाखवायचा. साहेब खूश. पण बिरोबापुढं मात्र त्यानं परत कधी तोंड उघडलं नाय. "ओवी म्हणायची तर मागं मेंढरं पायजेत रे," म्हणायचा.

मला एका मोठ्या हॉटेलात काम लागलं, चादरी-टॉवेलांच्या खोलीत. वेरूळ-अजिंठा बघायला आलेले गोरे लोक तिथं उतरायचे. माझ्यासोबत इस्त्रीला कांता होती. दलित वस्तीतली, रात्रशाळेतून मॅट्रिक झालेली, अन् नामांतराच्या प्रत्येक मोर्चात पुढं. विद्यापीठाच्या नावासाठी तेव्हा सगळा मराठवाडा पेटला होता. एकदा शहर कडकडीत बंद झालं. एसटी उभी, चौकात पोलीस. कांता मोर्चात, अन् मी हॉटेलात अडकलेली.

हॉटेलात बँड होता, पुढारी फ्रँक अंकल. गोव्याचा म्हातारा, सॅक्सोफोन वाजवायचा. त्याची गाणारी बाई मुंबईहून यायची होती, ती बंदमुळं आलीच नाय. दुपारी मी गच्चीवरून खाली धोब्याला हाळी घातली. अंकल ताटावरून उठून, खरकट्या हातानंच पळत वर आला. "किसने आवाज दिया?" मला वाटलं, गेली नोकरी. तर तो म्हणाला, "बाबा, फिर से कर." अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

संध्याकाळपर्यंत त्यानं मला दोन गाणी घोकवली. मी ती धोब्याच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर मराठीत उतरवून घेतली. अर्थ सांगायला कुणाला वेळ नव्हता. त्यातलं एक नवरा सोडून गेल्याचं होतं, ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत हसत हसत म्हटलं. बरं, तेवढ्यावर निभावलं असतं. पण मधेच माझे शब्द संपले, अन् अंकल एकटाच वाजवायला लागला. पियानोवाला खाली मान घालून बसलेला, बाकीच्यांनी हळूच ठेका धरलेला. कुणीच त्याला झील देईना! मला राहवेना. म्हातारा माणूस एकटा पडलाय अन् सगळे गप कसे? अंकलनं ओळ टाकली, ती मी उचलून परत दिली. शब्द नव्हतेच, मग हाळीचेच आवाज, हुर्र अन् हा अन् जी. अंकलनं डोळे उघडले. त्यानं दुसरी ओळ टाकली, जरा अवघड. तीबी दिली. मग म्हातारा इरेला पेटला अन् आमची अशी काही जुंपली की विचारू नका. गोरे लोक टेबलं बडवायला लागले.

नंतर अंकल म्हणाला, दुसऱ्याच्या सोलोत तोंड घालायचं नसतं, आणि तू जे केलंस त्याला स्कॅट म्हणतात, लोक त्यासाठी वर्षं घालवतात. मी म्हटलं, आमच्यात त्याला झील म्हणतात अन् त्यासाठी फक्त गुमान बसवत नसलं की झालं. त्या दिवसापासून मी टॉवेल सोडले अन् बँडात गेले.

घरी सांगितलं तर माय हसून लोळली. "गाण्यात शब्द नाहीत? मग काय झालं! मेंढरांशी बोलताना कुठं असत्यात?" आबा हसला नाय. तो म्हणाला, "गाणं देवापुढं म्हणायचं असतं. जेवणाऱ्यांपुढं नाय." त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाय. समोर बसलेली असले तरी मायला म्हणायचा, "तिला सांग, पाणी तापलंय." आई गं, किती लागायचं ते! ज्यानं मला आवाज दिला त्यालाच तो नकोसा झाला होता. जग टाळ्या देईल, पण आबानं एकदा बसून ऐकावं, एवढंच मला पायजे होतं.

कलकत्त्याचं बोलावणं अंकलच्या ओळखीनं आलं. पोस्टरवर नाव काय टाकायचं? अंकल म्हणाला, 'सूझी' टाकू. मी हो म्हणून बसले. कांतानं ऐकलं अन् हातातली इस्त्री उभी केली. "एका नावासाठी आमच्या माणसांनी डोकी फोडून घेतली, घरं जळताना बघितली. अन् तू तुझं नाव असंच देऊन टाकतीस?" माझी मान खाली गेली. मी जाऊन अंकलला सांगितलं, सखू टाका, अन् पुढं माझ्या बापाचं नाव, बिरा. सखू बिरा. तेच आजवर चाललंय, पुढं बँकॉकला, हाँगकाँगला गेले तिथंबी.

कलकत्त्यानं मला लई जीव लावला. एका अँग्लो-इंडियन म्हातारीकडं पेइंग गेस्ट राहायचे. ती मला केक करायला शिकवायची अन् मी तिला पिठलं. सकाळी रियाज, दुपारी साउंडचेक, शनिवारी दोन-दोन शो. बंगाली ड्रमवाल्याला मी हुर्रर्र शिकवलं, तो टॅक्सी थांबवायला वापरायचा. मायला कार्ड जायचं. तिच्या वतीनं कांता उत्तर लिहायची, शेवटी एक ओळ, आबा ठीक. बस.

मी येऊन तीन वर्षं झाली, विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला, त्या हिवाळ्यात कांताची तार आली. झालं, येतेय. अन् हावड्याला गाडीतून कांता उतरली, मागं माय, अन् तिच्या मागं फेटा बांधलेला आबा. मायनं हट्ट धरला होता, अन् तिला एकटीला कसं सोडायचं, हे त्याचं कारण. माझ्याशी अजूनबी शब्द नाय.

रविवारी दुपारी आमचं सेशन असायचं, लोक जेवता जेवता ऐकायचे. आबा शेवटच्या टेबलावर ताठ बसला. ताटाला हात लावला नाय. मी स्टेजवर आले तरी माझ्याकडं बघेना, नुसता लोकांकडं बघत बसला. तीन गाणी कशीबशी झाली, इंटर्व्हल झाला, अन् मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. माय पदराआड रडत-हसत होती. आबानं मान वर केली.

"पयल्या दोन गाण्यांना एकानंबी घास उचलला नाय," आबा म्हणाला. "तिसऱ्याला तो खिडकीतला जाडा परत जेवाया लागला. दमली व्हतीस तू. हाळी कमी पडली की मेंढरू मान खाली घालतंच. श्वास वरून घेतीस, पोटातून घे की गं."

पाच वर्षांनी माझा बाप माझ्याशी बोलला, तो चूक काढायला. अन् चूक खरी होती. मी भर हॉटेलात त्याच्या गळ्यात पडले अन् हमसून हमसून रडले. "व्हय आबा, व्हय," एवढंच म्हणता आलं. दुसऱ्या सेशनला मी पोटातून श्वास घेतला अन् त्या जाड्यालाच धरून गायले. बिचाऱ्याचं कटलेट पार गार झालं.

आता करमाडकडचा माळ ओळखू येत नाय, शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय, अन् माझा संसार इकडं हुगळीकाठी. घर कुठं म्हणून कुणी विचारलं तर मला एकच ठाऊक आहे, जिथं आबाचा आवाज पोचतो तिथं. आबा आता लई थकलाय, पण शो झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन येतोच. जेवलीस का नाय, बरी हायेस का नाय, काही नाय. पहिला सवाल, "मान कुणी खाली घातली?" अन् त्याला मी खरं सांगते.