पडदा कोरा, गणित चालू

परभणीत गणित शिकवत होते तेव्हा मी एक छोटा कॉम्प्युटर घेतला. तो घरच्या टीव्हीला जोडायचा. त्यातला प्रोसेसर स्वस्तातला. गणित करणं आणि पडद्यावर अक्षरं काढणं, दोन्ही कामं त्याच्या एकट्याच्या गळ्यात. म्हणून मोठं गणित घातलं की तो पडदा सोडून द्यायचा. पडदा कोरा, गणित चालू.

आमच्या ह्यांना हे काही केल्या पटेना. पहिल्यांदा त्यांनी बिघडलं समजून बटणच बंद केलं. दोन तास बसून टाइप केलेलं सगळं गेलं. मी लय चिडले. पुढच्या वेळी ते मुकाट्यानं गच्चीवर गेले आणि अँटेना फिरवायला लागले.

"दिसायलंय का?" वरून हाक आली.

"नाही अजून!"

पाच मिनिटांनी गणित संपलं आणि उत्तर पडद्यावर आलं. मी "आलं!" म्हणून ओरडले. ते मिशीला पीळ देतच खाली उतरले.

तेव्हापासून मोठं गणित घातलं की मीच म्हणायचे, "अहो, चित्र गेलं, जरा वर जाता का?" तेवढा वेळ बटण सुरक्षित राहायचं.

कॉम्प्युटर जोडताना अँटेनाची वायर काढून ठेवावी लागते, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.