दिरहॅम वीसला गेला तेव्हा

शारजाहून फोन आला तेव्हा मी आणि वहिनी करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये दिवाळीचा कंदील उतरवत होतो. अण्णाच्या खोलीतला केरळी जोडीदार हिंदीत बोलत होता. "बहनजी, पहले आप बैठ जाओ" म्हणाला, तिथेच मला कळलं. सकाळी कामावर जायला बूट घालता घालता अण्णा बसल्या जागी कलंडला... हार्ट अटॅक. माझा सख्खा मोठा भाऊ. वहिनीने माझ्या तोंडाकडे बघितलं, कंदील जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "आता येतील." एवढंच. रडली ती दोन दिवसांनी.

अण्णा वेल्डर होता. इथली कंपनी बंद पडली आणि गावातल्या दोघातिघांच्या मागून तोही दुबईच्या बाजूला गेला, तेव्हा तिकडचा एक दिरहॅम तेरा रुपयांच्या आसपास होता. "तीन वर्सं बाय, जास्त नाय. घर करतो नि येतो," असं मला सांगून गेला. तो तेराचा आकडा मात्र त्याच्या डोक्यात कायमचा बसला. बाकीची माणसं सणावारांवरून आठवणी लावतात, हा दरावरून लावायचा. लेक प्राची शाळेत कधी जायला लागली, असं विचारलं तर म्हणणार, "बारा होता तेवा." आम्ही हसायचो, पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो. काय माहीत, कशाचं कौतुक करत होतो ते!

तीन वर्षं कधीच उलटली आणि एका साली रुपया असा वधारला की दिरहॅम अकराच्याही खाली आला. टीव्हीवर सगळे खूश, आमच्या घरात सुतक. रजेवर आलेला अण्णा ओट्यावर पाय सोडून बसलेला, जेवणात लक्ष नाही. "तेराला गेलो नि दहाला परत येऊ? येडा हाय का मी?" म्हणून परत गेला. पुढे दर चढला, तेव्हा आम्हाला वाटलं, आता नक्की येईल. तर म्हणे, "आता चांगला भेटतोय, आता कोन सोडतो?" पडला की परवडत नाही, चढला की सोडवत नाही... अशा माणसाला घरी आणायचं तरी कसं? मी एकदा फोनवर कडाडलेच, "अरे मेल्या, तिकडे दिरहॅम चढतो म्हणजे इकडे आमचा रुपया पडतो! डाळ, तेल, करंजाड्यातली जागा, सगळं महाग होत चाललंय." "तू शिकलेली, तुला सगळं उलटंच दिसनार," म्हणून हसला. सहज तोंडात आलेला तो 'मेल्या' आता घशात अडकून बसलाय.

आखातातल्या माणसांची एक रीत असते. पगार झाला की लगेच घरी पाठवायचा नाही, दर चांगला मिळेपर्यंत तिकडेच धरून ठेवायचा. दोन हजार तेराच्या गोकुळाष्टमीच्या सुमारास दिरहॅम अठराच्या वर गेला. खोलीतल्या सगळ्यांनी धडाधड पैसे पाठवले, अण्णा सोडून. "वीस होनार. वीस झाला की पैसं बी येनार नि मी बी, कायमचा!" वहिनीला ते खरं वाटलं. रोडपालीच्या बहिणीला सांगून आली, अण्णाला इकडे काम मिळेल का म्हणून दोन ठिकाणी विचारून ठेवलं. दिवाळीपर्यंत दिरहॅम सतराच्या खाली घसरला. फराळाच्या दिवशी नुसता फोन आला. "हातात आला व्हता गं..." म्हणून अण्णा लहान पोरासारखा रडला. मला त्याची कीवही आली आणि त्याच्या एक थोबाडीत द्यावीशीही वाटली.

मग आमची आई गेली, तेव्हा अण्णा मिळेल त्या विमानाने आला. दहाव्याला गाढी नदीवर आम्ही पिंड ठेवून ताटकळत उभे, पण कावळा काही शिवेना. झाडावर बसून होता, खाली येत नव्हता. चुलते म्हणाले, "म्हातारीचा जीव कुठं अडकलाय ते तुला ठाव हाय. कबूल कर." अण्णाने ओल्या धोतरातच हात जोडले. "आई, वीस झाला की कायमचा येतो. तुझी शपथ." कावळा उतरला आणि शिवला. वहिनीने पदरात तोंड लपवलं. मेलेल्या आईलाही अट घालणारा हा माणूस... पण शपथ तरी घेतली, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

यंदा नवरात्रात दिरहॅम वीसला पोचला. प्राचीने मोबाइलवर दाखवल्याबरोबर वहिनीने त्याला फोन लावला. "झालं वीस. निघा आता."

"थांब गं जरा. बावीसला जातोय म्हनतात."

"आईला काय बोललात?"

"आई समजून घेईल..."

वहिनीने फोन ठेवला. भांडली नाही, पुन्हा विचारलंही नाही. आणि दिवाळी उरकता उरकता शारजाहून तो फोन आला. अण्णा आला तो विमानतळाच्या कार्गोच्या दारातून, सह्या करून घ्यायच्या सामानात. त्याच्या दहाव्याला कावळा पटकन शिवला, आम्ही काही कबूल करायच्या आत.

मागच्या आठवड्यात त्याच्या जोडीदाराचा पुन्हा फोन आला. कंपनीने अण्णाचा हिशोब चुकता केला होता, ते पैसे तो पाठवणार होता. चांगला माणूस, काळजीनेच बोलत होता. "भाभी, रेट गिर गया है, उन्नीस चल रहा है. थोडा रुकें क्या? चढ़ेगा." फोन स्पीकरवर होता. आणि देवाशपथ सांगते, माझ्याच तोंडून निघून गेलं, "वहिनी, आठवडाभर थांबून बघूया का?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच.

"आता कोन यायचं हाय, ताई?"

मग फोनकडे वळून म्हणाली, "भैया, आज ही भेजो. जो है उसमें."