निखिलचं पिंप आणि आईंची बॅग

इकडे परदेशात, आमच्या फ्लॅट बुश उपनगरातली घरं इतकी खेटून आहेत की किस्से गोळा करायला बाहेर पडावंच लागत नाही. कपडे वाळत घाला, कुंपणावरून किस्सा आपोआप येतो! परवा शेजारचा निखिल फोनवर सांगत होता, "आईनं गॅरेजमध्ये बघितलं रे! आता बॅग भरून ती..." तेवढ्यात कुणीतरी लॉनमोवर सुरू केला. पुढचं वाक्य गेलं!

मी फक्त दोघी मैत्रिणींनाच सांगितलं. संध्याकाळपर्यंत पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, न्यू लिनमध्ये, निखिलच्या आई विमानात बसल्यासुद्धा!

*

गॅरेजमध्ये काय, तर व्हाइट पोर्ट, म्हणजे पोर्तुगालची गोड वाइन. निखिल आयटीवाला. आठ दिवस पोर्तुगाल फिरून आला आणि पिंपच घेऊन बसला. "मंगलाताई, शेकडो वर्षांची परंपरा आहे ही!"

"हो का? तुझ्या घरात तर गेल्या फेब्रुवारीत सुरू झाली."

*

कृती म्हणे अशी: पांढरी द्राक्षं तुडवायची, रस आंबायला लागला की अर्ध्यातच ब्रँडी ओतून आंबणं थांबवायचं. म्हणजे गोडवा राहतो.

त्याच्या अंगणातल्या अर्धवट रंगवलेल्या लाकडी डेककडे बघत मी म्हटलं, "अर्ध्यात थांबवणं तुला छान जमेल."

*

गेल्या वर्षीच्या पिंपातली चव बघायला आम्हाला बोलावलं. थंडगार ग्लास, टॉनिक वॉटर, पुदिन्याचं पान, शेजारी खारे बदाम. निखिल ग्लास उजेडात धरून बराच वेळ बोलला. शेवटी आमच्या ह्यांना विचारलं, "कशी वाटली?"

हे म्हणाले, "बदाम मस्त आहेत!"

*

मग पुण्याहून त्याची आई यायची ठरली. चार वर्षं विनवण्या केल्यावर, सहा महिन्यांसाठी. दारू बघून आल्या पावली परत जाऊ नयेत म्हणून पठ्ठ्यानं सगळ्या पिंपांवर 'व्हिनेगर' लिहिलं.

आई म्हणाल्या, "एवढं व्हिनेगर? चायनीजची गाडी काढतोयस?"

*

आता परवाचं. यंदाची द्राक्षं टबात, निखिल पँट दुमडून आत. त्याची सहा वर्षांची लेक अन्वी ओरडत घरात गेली, "आजी, बाबा इज डान्सिंग इन द ग्रेप्स!"

पुढचं कळेना. मी विरजण मागायच्या निमित्ताने गेले. दारात खरंच भरलेली बॅग! निखिलचा चेहरा एवढासा.

"आई, मी सगळं ओतून टाकतो. पण जाऊ नकोस."

"ओततोस कशाला? दारूचं मला काय सांगतोस, तुझ्या बाबांबरोबर पस्तीस वर्षं काढलीत मी! पण अन्नाला पाय? म्हणून भरली बॅग! आधी त्या टबाला नमस्कार कर!"

आयटीतला एवढा मोठा मॅनेजर, पण चिकट पायांनी टबासमोर वाकला!

मग आईंनी बॅग उघडली. तळातून पुण्याहून आणलेलं पितळी पुरणयंत्र काढलं, त्यात द्राक्षं भरली आणि दांडा फिरवायला लागल्या.

"हे प्यायला कधी मिळणार?"

"मुरायला तीन वर्षं लागतात, आई."

दांडा थांबला. "मग माझं सप्टेंबरचं परतीचं तिकीट कशाला काढलंयस?"